बंद पिंपात काय आहे? घातक कचऱ्याचा नमुना जीव सांभाळून कसा घेतात

सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की खोल्या नंतर, आधी पाणी साठवायची सोय बघतात. रोज नळ न येणाऱ्या गावात निळी प्लास्टिकची पिंपं दारोदारी दिसतात. त्यातली कितीतरी नवी घेतलेली नसतात. भंगारवाल्याकडून स्वस्तात आलेली असतात, आणि त्याआधी ती एखाद्या कारखान्यात असतात. आत काय होतं, हे ना विकणाऱ्याला ठाऊक असतं, ना घेणाऱ्याला.

दुसरीकडे पेपरात अधूनमधून बातमी येते. कुठल्या तरी माळावर, ओढ्याकाठी किंवा बंद पडलेल्या शेडमध्ये रसायनांचे बेवारस ड्रम सापडतात. बातमीच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते : 'नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.' ही ओळ वाचून आपण पुढे जातो. पण तो नमुना घेणाऱ्या माणसाला काय काय करावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मी डाइंगच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, ड्रमांपुढे उभी राहिले आहे, म्हणून सांगते.

घातक कचरा म्हणजे नेमकं काय

पेट घेणारा, कातडी किंवा धातू खाणारा, विषारी, किंवा दुसऱ्या कशाशी भेटला की भडकणारा, असा कारखान्यातला टाकाऊ माल म्हणजे घातक कचरा. त्यासाठी आपल्याकडे 2016 चे केंद्र सरकारचे नियम आहेत. सोलापूरपुरतं बोलायचं तर चादरी-टॉवेलच्या रंगकामातून निघालेल्या सांडपाण्यावर प्रक्रिया केल्यावर तळाला उरणारा गाळ, यंत्रांचं जळकं तेल, चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या औषधी रसायनांच्या कारखान्यांतले वापरून झालेले द्रावक, म्हणजे थिनरसारखे विरघळवणारे द्रव. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते : घातक रसायन ज्यात होतं, ते रिकामं पिंपही नियमांच्या यादीत घातक कचरा म्हणूनच नोंदलेलं आहे.

हा कचरा कारखान्यात साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो अधिकृत विल्हेवाट केंद्रावर पाठवावा लागतो, आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याजवळचं रांजणगाव. तिथे तो जाळायचा, पुरायचा की शुद्ध करून परत वापरायचा, हे आत काय आहे यावर ठरतं. जाळायचं ते पुरलं किंवा पुरायचं ते भट्टीत घातलं, तर तिथल्या माणसांच्या जिवावर बेततं. म्हणून नमुना.

लेबल आहे की, मग तपासायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. नियमाप्रमाणे घातक कचऱ्याच्या ड्रमवर झगझगीत पिवळ्या रंगाचं लेबल हवं, त्यावर 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल अक्षरांत, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. म्हणजे आपल्याकडे मराठीत. ते असेल तर उत्तमच.

पण आपल्या स्वयंपाकघरातला बोर्नव्हिटाचा डबा उघडून बघा. आत जिरं असतं. श्रीखंडाच्या डब्यात चिंच असते. ड्रमचंही तसंच आहे. अॅसेटिक अॅसिडचा रिकामा झालेला ड्रम हाताशी असतो, कुणीतरी त्यात जुना थिनर ओततं, पुढच्या पाळीचा माणूस त्यातच ग्रीस पुसलेली फडकी कोंबतो. लेबल अॅसिडचंच राहतं. लेबलावरून सुरुवात करायची, पण त्यावर विसंबायचं नाही. लेबल नसलेला ड्रम, उलट सिद्ध होईपर्यंत, घातकच धरायचा.

हात लावण्याआधी नुसतं बघायचं

ड्रमच्या कामातला सर्वांत धोक्याचा क्षण नमुना काढण्याचा नसतो. बूच फिरवण्याचा असतो. म्हणून त्याआधीचा वेळ खरा महत्त्वाचा. लांबून ड्रमभोवती फिरायचं, प्रत्येकाला नंबर टाकायचा, कागदावर नकाशा काढायचा. ड्रम त्याच्या अंगाखांद्यावरून बरंच सांगतो.

वरचा पत्रा फुगला आहे का? मग आत दाब आहे. हा दाब किती, याचा अंदाज आपल्याला डोळ्यांनी येत नाही. 200 लिटरच्या ड्रमचं झाकण सुमारे 57 सेंटिमीटर रुंद. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा नुसता एक दशांशाने जास्त असला, तरी त्या झाकणावर आतून अडीचशे किलोच्या वर जोर येतो. चार तगडी माणसं आतून झाकणाला खांदा लावून उभी आहेत असं समजा. अशा ड्रमचं बूच हाताने खोलायला जाणं म्हणजे आपलं तोंड त्या चौघांपुढे धरणं.

दाब येतो कुठून? दोन वाटा. एक, ऊन. सोलापूरचा एप्रिल-मे कुणाला सांगायला नको. 42-43 अंशांत उघड्यावर ठेवलेल्या लोखंडी ड्रमवर हात टेकवत नाही. टोल्युईनसारखा द्रावक, म्हणजे थिनरमधला एक मुख्य घटक, 20 अंशांवरून 45 अंशांवर गेला की 200 लिटरमागे पाचेक लिटरने फुगतो. ड्रम काठोकाठ भरलेला असेल तर तो पाच लिटर जाणार कुठे?

दुसरी वाट, आतल्या आत चाललेली प्रक्रिया. रंगाईखात्यात कापड पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्याच्या मूळ कॅनच्या झाकणाला वायू बाहेर पडायची सोय असते, ती उगाच नाही. त्यात गंज किंवा मळ गेला की ते विघटित होऊन ऑक्सिजन सोडू लागतं. 50 टक्क्यांचं एक लिटर पेरॉक्साइड पूर्ण विघटित झालं, तर 200 लिटरहून जास्त ऑक्सिजन तयार होतो. एका लिटरमधून अख्खं पिंप भरेल एवढा वायू! आणि कुणी ते उरलंसुरलं पेरॉक्साइड लोखंडी ड्रममध्ये ओतून घट्ट बूच लावून ठेवलेलं असतं.

उलट, ड्रमच्या कडा आत ओढलेल्या दिसल्या तर आत पोकळी आहे, उघडताच हवा आत घुसणार. बुचाभोवती खडीसाखरेसारखे स्फटिक जमले असतील तर तिथून मागे फिरायचं. जुना ईथर (हाही एक द्रावक) हवेशी संयोग पावून असे पेरॉक्साइडचे स्फटिक करतो, आणि ते नुसत्या घर्षणाने फुटू शकतात. ते बूच फिरवणं रसायनशास्त्रज्ञाचं काम नव्हे, बॉम्बशोधक पथकाचं आहे.

एकदा संध्याकाळी मी एका शेडबाहेर नोंदी लिहीत होते. उन्हं कलली आणि रांगेतल्या एका ड्रमचा पत्रा 'टण्ण' वाजला. मग दुसरा वाजला. दिवसभर फुगलेली झाकणं गार होऊन खाली बसत होती. सोबतच्या स्टोअरच्या मामांनी सांगितलं, "मॅडम, हे रोजचंच आहे. दुपारी वर, रात्री खाली." एक मात्र वाजला नव्हता. अंधार पडला तरी तो फुगलेलाच राहिला. बाकीचे उन्हाने फुगले होते, त्याच्या आत काहीतरी चालू होतं. आम्ही तो त्या दिवशी उघडला नाही.

वासावरून कळत नाही का?

जुने कारागीर वासावरून रसायन ओळखतात, हे खरं आहे, आणि त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदरच आहे. पण ड्रमच्या बाबतीत नाक दगा देतं. सल्फर डायमध्ये, म्हणजे कापडाच्या एका जातीच्या रंगात, सोडियम सल्फाइड वापरतात. त्यात अॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असताना त्याचा भपकारा येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस पुढे सरकतो, तेव्हाच तो सगळ्यात जास्त धोक्यात असतो. उघड्या ड्रमवर वाकून वास घेणं कधीच करायचं नाही.

मग यंत्र काय सांगतं?

मोजमापाचा एक क्रम ठरलेला आहे आणि त्यामागे कारण आहे. अनोळखी भंगार असेल तर पहिलं मोजमाप किरणोत्साराचं. हे अतिरेकी वाटत असेल तर 2010 ची दिल्लीची मायापुरी आठवा. लिलावात विकलेलं एक जुनं प्रयोगशाळेतलं उपकरण भंगार बाजारात तोडलं गेलं, आत कोबाल्ट-60 होतं, आणि एकाचा जीव गेला.

त्यानंतर ऑक्सिजन. साध्या हवेत तो 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला तर श्वास अपुरा पडतो, 23.5 च्या वर गेला तर ठिणगीचा वणवा होतो. ऑक्सिजन आधी मोजण्याचं आणखी एक कारण आहे. जळणारी वाफ मोजणारं नेहमीचं यंत्र आत ती वाफ थोडीशी जाळूनच मोजतं. ऑक्सिजन कमी असेल तर ते नीट जाळू शकत नाही आणि कमी आकडा दाखवतं, म्हणजे धोका असताना 'सगळं ठीक' म्हणतं.

जळणाऱ्या वाफेचा हिशेब जुन्या स्कूटरवरून समजेल. पेट्रोल फार कमी आलं तर गाडी सुरू होत नाही, फार आलं तर 'ओव्हर' होते, तेव्हाही होत नाही. मधल्या प्रमाणातच भडका उडतो. त्या मधल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला स्फोटाची खालची मर्यादा म्हणतात. टोल्युईनसाठी ती हवेच्या जेमतेम सव्वा टक्क्याच्या आत आहे. यंत्र त्या मर्यादेच्या किती टक्के वाफ आहे ते दाखवतं, आणि 10 टक्के दाखवलं की थांबायचं, मागे सरायचं. दहाच टक्के, कारण आपण मोजतो तिथे दहा असेल तर दोन हात पलीकडे किती असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. शिवाय बहुतेक द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पाण्यासारखी पसरते आणि लांबच्या वेल्डिंगपर्यंत पोचते.

विषारी वायू शेवटी मोजतात. तरीही नाकातोंडावरचा मास्क उतरवायचा नाही. मास्कबद्दल एक सांगायलाच हवं. कोळशाच्या डबीचा मास्क हवा गाळतो, हवा तयार करत नाही. ऑक्सिजनच कमी असेल तर त्याचा काही उपयोग नाही. आत काय आहे हे अजिबात माहीत नसेल, तर पाठीवर हवेचं नळकांडं असलेलाच संच लागतो.

बूच फिरवताना

वाऱ्याकडे पाठ. दोघं ड्रमजवळ, तिसरा लांब उभा, फोन हातात. डोळे धुवायचं वाहतं पाणी चालू करून तपासलेलं, कारण डोळ्यात अॅसिड गेलं तर पंधरा मिनिटं सलग पाणी मारावं लागतं आणि नळाला पाणी नाही हे तेव्हा कळून उपयोग नसतो. आपल्या गावात तर ही खात्री आधी करायची, बाकी सगळं नंतर.

पाना पितळी किंवा कांस्याचा. लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी पडते. लोखंडी ड्रम तारेने जमिनीशी जोडायचा, म्हणजे साचलेल्या स्थिर विजेची ठिणगी पडत नाही, आणि तारेचा चिमटा लावायची जागा आधी रंग खरवडून उघडी करायची. रंगावर चिमटा लावला तर तार नुसती शोभेला राहते.

ड्रमला वर दोन बुचं असतात, एक मोठं, एक लहान. अर्धा आटा फिरवायचा आणि थांबायचं. 'फस्स' आवाज आला तर तो पूर्ण थांबेपर्यंत हात काढून मागे उभं राहायचं. कुकरची शिट्टी उचलून वाफ जाऊ देतो, मग झाकण काढतो, तसंच. घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही, कारखान्यात मात्र संध्याकाळच्या आत पन्नास ड्रम संपवायचे असतात. मी हा 'फस्स' दीड मिनिट चाललेला ऐकला आहे. पाना हातात असतो, वर साहेब वाट बघत असतो, आणि दीड मिनिट फार लांब वाटतं.

फुगलेल्या ड्रमजवळ तर माणसाने जायचंच नाही. जेसीबीच्या हाताला कांस्याची टोकदार खीळ लावून, आडोशामागून, लांबूनच भोक पाडतात. अमेरिकेत 1979 च्या सुमारास केंटकी राज्यात सतरा हजारांवर ड्रम उघड्यावर सापडले होते. असल्या अनुभवांतून तिथल्या चार सरकारी संस्थांनी 1985 साली मिळून कामाची पद्धत लिहून काढली, आणि आज पुष्कळ ठिकाणी थोड्याफार फरकाने तीच पाळतात.

शितावरून भाताची परीक्षा होते का?

आता नमुना. आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. ते खरं आहे, कारण भात सगळीकडे सारखा शिजतो. ड्रम म्हणजे ताकाचं रात्रभर ठेवलेलं भांडं. वर पाणी, खाली दाट. जळक्या तेलाच्या ड्रममध्ये वर तेल, खाली पाणी, तळाला गाळ. वरच्या वर डाव बुडवून घेतलेला नमुना 'तेल' म्हणेल, आणि तळाचा गाळ अहवालात येणारच नाही.

म्हणून सगळे थर एकदम उचलणारी नळी वापरतात. साधारण चार फुटांची, दोन्ही बाजूंनी उघडी काचेची नळी. ती सावकाश आत सोडायची, इतकी सावकाश की नळीच्या आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. घाईने खुपसली तर वरचा थर बाजूला ढकलला जातो. तळ लागला की क्षणभर थांबायचं, वरचं तोंड बुचाने बंद करायचं आणि उचलायची. सरबतात स्ट्रॉ बुडवून वर बोट ठेवतो ना, अगदी तेच. नळी वर आली की काचेतून थर दिसतात : वर पिवळसर, मध्ये निवळ, खाली काळं. तीन रेघांचा तो ड्रमचा उभा छेद मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अहवालापेक्षा त्यानेच मला जास्त सांगितलं.

पातळ द्रव नळीतून निसटतो. त्यासाठी तळाला आतून बूच ओढून बंद करता येईल अशी नळी असते. भुकटी असेल तर मार्केट यार्डात धान्याच्या पोत्यात खुपसतात तशी खाचेची परखी. तीव्र कॉस्टिक किंवा हायड्रोफ्लोरिक अॅसिड काचेलाच खातं, तिथे प्लास्टिकची नळी. नळी एका ड्रमला एकच, दुसऱ्यात बुडवायची नाही.

बाटलीवर ड्रमचा नंबर, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही, वर सील. मग ती कोणी कोणाला दिली याची नोंद, पंचनाम्यासारखी. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर ही नोंद नसलेली बाटली म्हणजे नुसतं रंगीत पाणी.

दोन अर्धे ड्रम एकात ओतले तर?

जागा वाचते, म्हणून हे सर्रास केलं जातं, आणि इथे माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे : तपासल्याशिवाय ओतू नका. सोलापूरच्या कोणत्याही रंगाईखात्यात जे सामान असतं, त्यातच धोक्याच्या जोड्या आहेत. ब्लीचिंगचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि अॅसिड, क्लोरीन निघाला. सल्फाइड आणि अॅसिड, वर सांगितलेला तो नाक बधिर करणारा वायू. हायड्रो, म्हणजे वॅट रंगासाठी लागणारी पांढरी भुकटी, थोडं पाणी लागलं की तापते आणि आपोआप पेटते. गळक्या पत्र्याखाली ठेवलेला हायड्रोचा अर्धा डबा पहिल्या पावसात धुमसू लागतो, आणि आग म्हणून वर बेताचं पाणी मारलं की आणखी भडकतो.

ओतायचंच असेल तर आधी दोन्ही नमुन्यांचे थोडे थोडे थेंब हवा खेचणाऱ्या कपाटात एकत्र करायचे. तापलं, फेसाळलं, धूर आला, रंग बदलला, तर ते ड्रम वेगळे, आणि एकमेकांपासून लांब.

लहान कारखान्याला हे परवडतं का?

हा आक्षेप खोटा नाही. दहा-पंधरा माणसांच्या रंगाईखात्याला वायू मोजायचं यंत्र आणि हवेचं नळकांडं घेणं जड आहे. पण अनोळखी ड्रम लहान कारखान्याने स्वतः उघडायचेच नाहीत, हेच मी म्हणते आहे. त्यासाठी अधिकृत केंद्राची आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माणसं असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय सोलापुरात आहे, विचारायला मुंबईला जावं लागत नाही.

लहान कारखान्याच्या हातात जे आहे त्याला फारसा खर्च येत नाही. ड्रम भरला त्याच दिवशी त्यावर ऑइलपेंटने लिहायचं : काय, कुठल्या खात्यातलं, कधी. सावलीत ठेवायचा. काठोकाठ भरायचा नाही. दुसऱ्याच्या ड्रममध्ये आपलं ओतायचं नाही. लिहिलेल्या ड्रमचा नमुना घेणं पाव दिवसाचं काम, न लिहिलेल्याचं चार दिवसांचं.

रिकामं आहे, आता काय होणार?

माझ्या माहितीतल्या एका वर्कशॉपमध्ये रिकाम्या ड्रमची शेगडी करायची म्हणून गॅस कटर लावला गेला. झाकण छपराला जाऊन आदळलं. कापणारा पोरगा वाचला, त्याच्या एका कानाला आजही ऐकू येत नाही.

ड्रम रिकामाच होता, ते खरं. पण हिशेब करून बघा. 200 लिटरच्या रिकाम्या पिंपात टोल्युईनचे चहाचे दोन चमचे राहिले आणि त्यांची वाफ झाली, की आतली हवा स्फोटाच्या पट्ट्यात येते. दोन चमचे तर पिंप उलटं केलं तरी कडेच्या खाचेत राहतात. भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागा थोडी आणि हवाही थोडी असते. रिकाम्यात दोन्ही भरपूर.

आणि दारातलं निळं पिंप?

हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, तेव्हा उत्तर देताना वाईट वाटतं, कारण पाणी साठवायलाच लागतं आणि नवं पिंप महाग पडतं. पण प्लास्टिक द्रावकं आणि कीटकनाशकं स्वतःत शोषून घेतं आणि पुढे सावकाश पाण्यात सोडतं. साबण, सोडा, गरम पाणी, तीन दिवस ऊन, यातल्या कशानेही ते सगळं निघेल याची खात्री नाही. वास गेला म्हणजे निघालं असं नाही.

जुनं पिंप बघताना अंगावर टोकावर उभ्या केलेल्या चौकोनातलं धोक्याचं चिन्ह, किंवा ते खरवडून काढल्याची खूण, दिसली तर ते पिण्याच्या, स्वयंपाकाच्या पाण्यासाठी घेऊ नका. तळाशी त्रिकोणात '2' असा आकडा असतो आणि विकणारा 'हे चांगलं प्लास्टिक आहे' म्हणून तो दाखवतो. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, आत आधी काय होतं ते नाही. माझ्या आईच्या दारात अशी दोन पिंपं होती. त्यातल्या एकाच्या झाकणाला आतल्या बाजूने पुसट गुलाबी रंग होता, कितीही घासला तरी तसाच. पिण्याच्या पाण्यासाठी आता तिच्याकडे खाद्यपदार्थांसाठीचं नवं पिंप आहे. त्या दोन्हींना मी बुडाला भोकं पाडली, कुणी पुन्हा पाणी भरू नये म्हणून.